बन्यिप कुणाचा?

१५ ऑगस्ट. तारीख आपल्या ओळखीची, पण साल १८५३ आणि शहर सिडनी. व्हिक्टोरिया थिएटरात त्या दिवशी सभा भरली होती. विषय होता न्यू साउथ वेल्स वसाहतीची नवी राज्यघटना. विल्यम चार्ल्स वेंटवर्थ या वजनदार पुढाऱ्याने तिचा मसुदा रेटत आणला होता आणि त्यात इंग्लंडच्या लॉर्डांच्या धर्तीवर वंशपरंपरागत सरदारकीची तजवीज होती. मेंढ्यांच्या कळपांवर गबर झालेल्या जमीनदारांच्या नातवंडा-पणतवंडांना जन्माच्या हक्काने मान मिळावा, असा तो बेत. डॅनियल डेनेही हा पंचविशीतला वकील बोलायला उठला. आई-बाप आयर्लंडहून कैदी म्हणून आलेले, स्वतः अंगाने किरकोळ, पण जीभ तिखट. या होऊ घातलेल्या सरदारांना त्याने एकच नाव दिले : बन्यिप सरदार. नाव असे चिकटले की सरदारकीचे कलम मसुद्यातून काढून टाकावे लागले. पुढे २०१४ साली पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांनी बंद पडलेले 'सर' आणि 'डेम' हे किताब पुन्हा सुरू केले, तेव्हाही वर्तमानपत्रांनी डेनेहीचेच नाव बाहेर काढले.

बन्यिप हा ऑस्ट्रेलियाच्या दलदलीत, नदीच्या डोहात आणि बिलाबाँगात, म्हणजे नदीने पात्र बदलल्यावर मागे उरलेल्या तळ्यात, राहणारा प्राणी. प्राणी म्हणावे की भूत, की देव, हे ठरवणे अवघड. कुणी त्याला पिसे असल्याचे सांगितले, कुणी आयाळ, कुणी सुळे. मग या भीतिदायक प्राण्याचे नाव शिवीसारखे का वापरले गेले? कारण सहाच वर्षांपूर्वी सिडनीकर त्याच्यापायी फजीत झाले होते. १८४६ साली मरमबिजी नदीच्या काठी एक विचित्र कवटी सापडली. आसपासच्या आदिवासींनी ती बन्यिपची असल्याचे सांगितले, असे म्हटले गेले. १८४७ मध्ये ती सिडनीच्या संग्रहालयात लोकांना बघायला ठेवली. दोन दिवस तोबा गर्दी लोटली आणि आपणही बन्यिप पाहिल्याचे सांगणारी माणसे एकाएकी पुढे येऊ लागली. जाणकारांनी मात्र कवटी तपासून ती व्यंग असलेल्या शिंगराची किंवा वासराची ठरवली. त्यानंतर सिडनीच्या बोलीत बन्यिप म्हणजे सोंग, थोतांड. साउथ ऑस्ट्रेलियातल्या गॉलर गावात थोतांडाची टर उडवणारे एक मंडळच निघाले आणि त्या मंडळातून १८६३ साली वर्तमानपत्र निघाले, त्याचे नाव 'द बन्यिप'. सुरुवात चेष्टेतून झाली, पण पत्र दीडशे वर्षांहून अधिक जगले.

गोष्ट इथेच थांबली असती तर बन्यिपवर प्रकरण लिहायचे कारण नव्हते. पण ज्यांच्या तोंडून हा प्राणी गोऱ्यांच्या कानावर गेला, त्यांच्या लेखी तो थोतांड नव्हता. आणि ऑस्ट्रेलियाला आपण कोण असा प्रश्न जेव्हा जेव्हा पडला, तेव्हा तेव्हा तिथल्या लेखकांनी या पाण्यातल्या जिवाला बाहेर ओढले आहे. कधी लहान मुलांच्या चित्रपुस्तकात, कधी मोठ्यांच्या कादंबरीत. देशाची ओळख शोधताना लेखक भुताखेतांकडे वळतात हे नवे नाही. ब्रिटनमध्ये काझुओ इशिगुरोने २०१५ च्या 'द बरीड जायंट' या कादंबरीत राजा आर्थरनंतरच्या काळातली एक ड्रॅगनीण उभी केली. तिच्या श्वासाने साऱ्या मुलखाला विसर पडला आहे आणि त्या विसरामुळेच ब्रिटन आणि सॅक्सन लोक एकमेकांशेजारी गुण्यागोविंदाने नांदताहेत. ती मेली की जुन्या कत्तली आठवणार. इशिगुरोला निदान तो ड्रॅगन कुठून आणायचा हा प्रश्न पडला नाही. तो त्या मातीतल्या गोष्टींत होताच. ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या लेखकापुढची अडचण वेगळी होती. त्याच्या आजीच्या गोष्टीतली भुते पंधरा-सतरा हजार किलोमीटर मागे राहिली होती आणि समोरच्या मुलखातली भुते दुसऱ्याची होती.

दुसऱ्याची म्हणजे कशी, ते आधी नीट पाहू.

विल्यम बकली हा इंग्रज कैदी १८०३ मध्ये पोर्ट फिलिपच्या छावणीतून, म्हणजे आजच्या मेलबर्नच्या दक्षिणेकडून, पळाला आणि पुढची ३२ वर्षे वाथाराँग लोकांमध्ये राहिला. १८५२ साली छापलेल्या त्याच्या आठवणींत मोडेवारी तळ्यातल्या बन्यिपचा उल्लेख आहे. त्याला फक्त पाठ दिसली, करड्या पिसांची, आणि डोके-शेपूट पाहिलेला माणूस त्याला वाथाराँगांमध्येही भेटला नाही. बकलीच्या सगळ्या हकिकतीवर विश्वास ठेवावा असे नाही, पण यातला एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. हा बन्यिप 'ऑस्ट्रेलियाचा' नाही, मोडेवारी आणि तिथल्या इतर तळ्यांचा आहे. व्हिक्टोरियातल्या अरारटजवळ चॅलिकम इथे जाबवुरुंग लोकांनी जमिनीवर एका बन्यिपची मोठी आकृती कोरून ठेवली होती. एकोणिसाव्या शतकात तिची रेखाटने झाली, आता ती शिल्लक नाही. तीही तिथल्या ओढ्याजवळच्या एका ठरावीक जागेची होती. मरे नदीच्या मुखाकडचे नारिंजेरी लोक नदीतल्या मुल्यावाँकची गोष्ट सांगतात. पोरांनी काठावर एकटे हुंदडू नये आणि कुणी हावरेपणाने गरजेपेक्षा जास्त मासे धरू नयेत, म्हणून तो तिथे आहे. ज्याला आपण सरसकट बन्यिप म्हणतो त्याची शंभर लोकांत शंभर नावे आहेत, रूपे वेगळी, कामेही वेगळी.

मराठी वाचकाला हे समजावून द्यायला फार कष्ट पडू नयेत. कोकणात वाडीचा राखणदार असतो, त्याची हद्द ठरलेली असते आणि त्याला नारळ कुणी द्यायचा हेही ठरलेले असते. साती आसरांचे स्थान या विहिरीवर, त्या डोहावर असते. 'महाराष्ट्राच्या आसरा' असे कुणी म्हणत नाही. उद्या कुणी शेजारच्या गावचा देवचार उचलून त्याला राज्याचे बोधचिन्ह केले, तर त्या गावचा गावकर विचारीलच की आम्हांला विचारले होते का?

ऑस्ट्रेलियात नेमके हेच घडले, आणि विचारले कुणालाच नव्हते.

एकोणिसाव्या शतकात तिथल्या गोऱ्या लेखकांची एक ठरलेली कुरकुर असे की या देशात भुते नाहीत. गढ्या नाहीत, पडके मठ नाहीत, खुनाचा इतिहास असलेले वाडे नाहीत. खुनाचा इतिहास भरपूर होता, पण तो मोजायची तयारी नव्हती. क्वीन्सलंडमध्ये जन्मून लंडनला स्थायिक झालेल्या रोझा प्रेडने १८९१ साली 'द बन्यिप' नावाची कथा लिहिली. ऑस्ट्रेलियाने मिरवावे असे अंगावर काटा आणणारे एवढे एकच भूत आहे, असा तिचा सूर. रानात मुक्कामाला थांबलेली माणसे शेकोटीभोवती बन्यिपच्या गोष्टी सांगताहेत आणि अंधारातून आवाज येतो. आवाजाच्या मागावर निघालेल्यांना बन्यिप सापडत नाही. हाती लागते ती रानात हरवलेल्या एका लहान मुलीची दुर्दैवी कहाणी. वसाहतीच्या मनातली खरी भीती कोणती होती, ते प्रेडने अचूक पकडले. आपण या मुलखात हरवू आणि हा मुलूख आपल्याला ओळखणारही नाही, ही ती भीती.

हरवलेले मूल ही पुढे ऑस्ट्रेलियन बालसाहित्याची लाडकी कल्पना झाली. एथेल पेडलीच्या 'डॉट अँड द कांगारू' (१८९९) मध्ये डॉट रानात हरवते आणि एक कांगारूमाता तिला पोटाच्या पिशवीत बसवून घरी आणते. पुस्तक बाहेर पडले तेव्हा पेडली हयात नव्हती, आणि सहा वसाहतींचा एक देश व्हायला दीडएक वर्ष उरले होते. मुलांनी या भूमीचे प्राणी जपावेत, ही लेखिकेची तळमळ खरी आहे. म्हणूनच त्यातला बन्यिप टोचतो. तिथे त्याचा उपयोग आदिवासींना घाबरवण्यापुरता आहे. बिटर्न नावाचा बगळ्याच्या कुळातला पक्षी घुमतो आणि त्यांची पळापळ होते. (पक्ष्याची माहिती खरी आहे. ऑस्ट्रेलियन बिटर्नचा खोल, घुमणारा आवाज रात्री दलदलीतून येतो आणि त्याला बन्यिप-पक्षीच म्हणतात. हल्ली मरमबिजीच्या खोऱ्यातल्या भातखाचरांत तो घरटी करतो.) गोरी मुलगी आणि कांगारू मायलेकींसारखी एकत्र, आणि ज्यांची ती भूमी ते बाहेर पळताहेत. नव्या राष्ट्राने आपल्या मुलांना सांगितलेली ही पहिल्या काही गोष्टींपैकी एक.

दुसरा मार्ग होता इंग्लंडची भुते आयात करण्याचा. आयडा रेंटूल औथवेटने निलगिरीच्या फांद्यांवर पऱ्या बसवल्या आणि कोआलांशी त्यांची मैत्री लावून दिली. मे गिब्सने १९१८ मध्ये निलगिरीच्या फळांची टोपी घातलेली गोंडस बाळे काढली आणि त्यांच्या वाईटावर टपलेली बँक्सियाच्या बोंडांची काळी केसाळ माणसे. मेलबर्नच्या फिट्झरॉय गार्डन्समध्ये ओला कोन या शिल्पकर्तीने १९३१ ते १९३४ या काळात एका जुन्या रेड गम झाडाच्या बुंध्यावर पऱ्या, बुटके आणि स्थानिक प्राणी कोरले. त्याच बागेत त्याच १९३४ साली यॉर्कशरहून वीट-वीट सुटी करून आणलेले कॅप्टन कुकच्या आई-वडिलांचे घर पुन्हा उभे राहिले. मेलबर्नला मुलाकडे गेलेले मराठी आई-वडील या दोन्ही ठिकाणी हमखास फोटो काढतात. हरकत नाही. पण काढताना एवढे लक्षात ठेवावे की एका पिढीने आपल्या पायाखालची जमीन आपली वाटावी म्हणून केलेली ही सजावट आहे.

पऱ्या टिकल्या नाहीत. निलगिरीच्या रुक्ष सावलीत त्या पाहुण्याच पाहुण्या राहिल्या. बन्यिप मात्र परत आला, आणि आला तो एकदम घोळक्याने, १९७२-७३ साली.

या दोन वर्षांत ऑस्ट्रेलियात काय काय झाले ते पाहा. डिसेंबर १९७२ मध्ये गॉफ व्हिटलम निवडून आले आणि तेवीस वर्षांनी सरकार बदलले. 'फक्त गोऱ्यांनाच प्रवेश' या धोरणाची उरलीसुरली कलमे १९७३ मध्ये मोडीत निघाली. आज तिथे लाखो भारतीय राहतात त्याची वाट त्या वर्षी मोकळी झाली. सिडनीचे ऑपेरा हाउस उघडले. पॅट्रिक व्हाइटला साहित्याचे नोबेल मिळाले. ब्रिटन युरोपीय समुदायात सामील होऊन आपल्या जुन्या वसाहतीकडे पाठ फिरवत होता आणि ऑस्ट्रेलियाला आरशात स्वतःचा चेहरा बघणे भाग पडले होते. त्याच सुमारास मायकेल सामनच्या पुस्तकात एक बन्यिप राजधानी कॅनबराच्या इमारती खाऊ समजून फस्त करू लागला. साउथ ऑस्ट्रेलियातल्या मरे ब्रिज गावाने नदीकाठी यंत्राचा बन्यिप बसवला; नाणे टाकले की तो पाण्यातून वर येऊन डरकाळी फोडी. आणि १९७३ मध्ये जेनी वॅग्नर यांनी लिहिलेले, रॉन ब्रुक्स यांनी चित्रे काढलेले 'द बन्यिप ऑफ बर्कलीज क्रीक' आले.

हे पुस्तक वाचायला दहा मिनिटेही लागत नाहीत. ओढ्याच्या तळच्या चिखलातून एक काळपट, बोजड जीव वर येतो. आपण कोण, हे त्याला माहीत नाही. भेटेल त्याला तो विचारत सुटतो. तू बन्यिप आहेस, एवढे कळते. मग बन्यिप दिसतो कसा? जो तो काहीतरी अपमानास्पद उत्तर देतो. शेवटी तो एका शास्त्रज्ञाकडे जातो. शास्त्रज्ञ मान वर न करताच त्याला सांगतो की बन्यिप अस्तित्वातच नसतात. बिचारा आपली चंबूगबाळी आवरतो आणि दूरच्या एका निवांत पाणवठ्यावर जातो, जिथे त्याला हवे तसे दिसता येईल. रात्री तिथल्या चिखलातून आणखी एक बन्यिप वर येते आणि तोच प्रश्न विचारते. पुढल्याच वर्षी या पुस्तकाला ऑस्ट्रेलियातला सर्वोत्तम चित्रपुस्तकाचा पुरस्कार मिळाला. देशाने त्यात स्वतःला पाहिले यात नवल नाही. इंग्लंडने झटकलेला, जगाला नीटसा न दिसणारा, आपण कसे दिसतो हे दुसऱ्याला विचारत फिरणारा प्राणी म्हणजे १९७३ चा ऑस्ट्रेलियन माणूस. मला हे पुस्तक फार आवडते, तरीही सांगतो : त्यातल्या ओढ्याकाठी आदिवासी एकही नाही. ज्यांना विचारले असते तर बन्यिपला तू कोण ते एका वाक्यात कळले असते, तेच गोष्टीत नाहीत.

त्यांची उणीव जिला जाणवली ती पॅट्रिशिया राइटसन (१९२१–२०१०). ऑस्ट्रेलियातली लोककथेची भुते आणि आधुनिक कादंबरी यांचा विचार तिला वगळून होत नाही, आणि तिच्यावरचा वादही अजून मिटलेला नाही. राइटसनचे म्हणणे असे की युरोपच्या पऱ्या या मातीत रुजत नाहीत, आणि याच मातीतले जीव इथल्या झाडा-खडकांत आधीपासून राहतच आहेत, तर अद्भुतकथा त्यांचीच लिहावी. आदिवासींच्या पवित्र पूर्वजकथांना हात लावायचा नाही, पण छोटी छोटी लोकभुते, खोडकर पाणभुते आणि झाडांतले जीव घ्यायला हरकत नाही, अशी रेघ तिने स्वतःपुरती आखली होती. तिची 'द नार्गन अँड द स्टार्स' ही कादंबरीही १९७३ चीच.

नार्गन हा गिप्सलंडमधल्या गुनाईकुर्नाई लोकांच्या कथेतला दगडी जीव. मिचेल नदीच्या राष्ट्रीय उद्यानात त्याची गुहा आजही दाखवतात. धबधब्याच्या पडद्यामागची ती जागा गुनाईकुर्नाई बायकांसाठी पवित्र आहे आणि पाहुण्यांनी आत शिरू नये अशी विनंती केलेली असते. राइटसनचा नार्गन तिथून निघून वर्षानुवर्षे, दगडाच्या चालीने, शेकडो किलोमीटर उत्तरेला सरकत वोंगाडिला नावाच्या मेंढपाळी वाडीवर येऊन ठेपतो. आई-वडील अपघातात गेलेला सायमन हा मुलगाही तिथेच आलेला, चार्ली आणि ईडी या वयस्कर नातलगांच्या आश्रयाला. दलदलीत बेडकासारखा थट्टेखोर पोटकूरोक राहतो, झाडांत टुरोंग, डोंगराच्या पोटात न्योल. रस्ते आणि झाडतोड करणारी यंत्रे येतात, तेव्हा पोटकूरोक एक यंत्र दलदलीत बुडवून खुदुखुदू हसतो. नार्गनला मात्र हसू येत नाही. इंजिनांच्या घरघरीने तो चवताळतो. शेवटी माणसे आणि जुने जीव मिळून त्याला डोंगराच्या पोटात कोंडतात.

भाषा संयमी, भीती खरीखुरी, आणि उपऱ्या मुलाचे हळूहळू त्या डोंगराशी जुळत जाणे तर फार सुंदर. यानंतर राइटसनने विरन या आदिवासी तरुणाला नायक करून तीन कादंबऱ्या लिहिल्या; पहिली, 'द आइस इज कमिंग', १९७७ ची. विरन शहरात पेट्रोल पंपावर नोकरी करतो. देशाच्या मध्यातून बर्फाचे जीव बाहेर पडल्याचे त्याला उमगते आणि तो नोकरी सोडून त्यांच्या मागावर निघतो. या कादंबऱ्यांत किनाऱ्यावरच्या गोऱ्यांना लेखिकेने 'सुखी लोक' असे नाव दिले आहे. तोंड समुद्राकडे, पाठ देशाकडे, खरेदी आणि मौजमजेत मग्न. १९८६ मध्ये तिला बालसाहित्यातला हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. लेखनासाठी तो मिळालेली ती एकमेव ऑस्ट्रेलियन.

आणि मग उलट तपासणी सुरू झाली. जुन्या मानववंशशास्त्रज्ञांच्या नोंदी वाचून भुते निवडायची, वेगवेगळ्या लोकांची भुते एका गोष्टीत आणायची, आणि त्यातून अख्ख्या देशाची म्हणून एक पुराणकथा रचायची, याचा अधिकार हिला दिला कुणी? क्लेअर ब्रॅडफर्डसारख्या अभ्यासकांनी हा प्रश्न जोरात विचारला. पवित्र आणि लौकिक यांच्यातली रेघ लेखिकेने आखली, पण आखण्याचा हक्क तिचा होता का? बायकांच्या पवित्र गुहेतला नार्गन लौकिक कोणत्या मापाने? राइटसनचा हेतू शुद्ध होता याबद्दल मला शंका नाही. तिच्या कादंबरीतले जुने जीवही म्हणतात की नार्गन इथला नाही, तो दक्षिणेचा. म्हणजे जागेचा धागा तुटला की काय अनर्थ होतो हे तिला कळत होते, आणि तरीही गोष्टीसाठी तो तिने तोडला.

तिच्या आधी घडलेला प्रकार मात्र शुद्ध चोरीचा होता. डेव्हिड युनायपन (१८७२–१९६७) हे नारिंजेरी गृहस्थ संशोधक, वक्ते आणि लेखक. ऑस्ट्रेलियाच्या ५० डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे. त्यांनी आपल्या आणि शेजारच्या लोकांच्या कथा लिहून काढल्या. त्या १९३० मध्ये लंडनला पुस्तकरूपाने छापल्या गेल्या, पण लेखक म्हणून नाव विल्यम रॅमसे स्मिथ या डॉक्टराचे. युनायपनांचा त्यात उल्लेखही नव्हता. त्या कथा त्यांच्या स्वतःच्या नावाने पुस्तकरूपात निघायला २००१ साल उजाडले.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पारडे फिरले आहे, कारण आता ज्यांची भुते आहेत तेच लिहिताहेत. वान्यी लेखिका अ‍ॅलेक्सिस राइट हिची 'कार्पेंटेरिया' २००६ मध्ये आली आणि कादंबरीसाठीचा मानाचा माइल्स फ्रँकलिन पुरस्कार २००७ मध्ये घेऊन गेली. मोठ्या प्रकाशकांनी नाकारलेले हे हस्तलिखित जिरामोंडो या छोट्या संस्थेने छापले होते. कादंबरीची सुरुवात होते ती आदिम महासर्पाने. तो आकाशातून उतरतो, मुलखात शिरतो आणि त्याच्या वळशांनी कार्पेंटेरियाच्या आखाताला मिळणाऱ्या नद्या कोरल्या जातात. पुढच्या पाचशे पानांत डेस्परन्स नावाचे गाव आहे, खाण आहे, खाण-कंपनीची दादागिरी आहे, आपसातली भांडणे आहेत. पण सर्प जमिनीखाली श्वास घेतच असतो. तो अलंकार नाही, प्रतीक नाही. नदीने पात्र का बदलले याचे ते त्या कादंबरीतले साधे कारण आहे. दरवर्षीच्या चक्रीवादळांत गोऱ्यांच्या गावाचा नकाशा खोटा ठरतो, सर्पाचा ठरत नाही. राष्ट्राची कादंबरी म्हणून जिचा गौरव झाला तिच्यात राष्ट्र फार लहान दिसते आणि आखात फार मोठे. राइटच्याच 'प्रेझवर्दी'ला २०२४ मध्ये माइल्स फ्रँकलिन आणि स्टेला हे दोन्ही पुरस्कार मिळाले.

एलन व्हॅन नीर्व्हन यांच्या 'हीट अँड लाइट' (२०१४) या पुस्तकातली 'वॉटर' ही दीर्घकथा तर आपल्या विषयाच्या गाभ्यालाच हात घालते. काळ नजीकच्या भविष्याचा. सरकारला आदिवासींची भरपाई करायची आहे, म्हणून क्वीन्सलंडच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर त्यांच्यासाठी 'ऑस्ट्रेलिया दोन' उभारायचे ठरते. पण तिथे माणूस आणि वनस्पती यांच्यामधले काही जीव राहतात; त्यांना हलवावे लागणार. केडन या आदिवासी तरुणीला त्यांची समजूत काढायच्या कामावर नेमतात. ती त्यांच्यातल्या लारापिंटाच्या प्रेमात पडते, आणि मग उलगडते की हे जीव प्रयोगशाळेतून आलेले परके नाहीत, ते तिच्याच लोकांचे जुने आप्त आहेत. राष्ट्र मेहेरबानीने आदिवासींना नवे राष्ट्र देऊ करते आणि त्यासाठी त्यांच्याच पूर्वजांना विस्थापित करते. धरणग्रस्तांचे पुनर्वसन जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला या कथेतले सरकारी कागद ओळखीचे वाटतील.

पडद्यावर रायन ग्रिफेनची 'क्लेव्हरमॅन' (२०१६–१७) ही मालिका याच वाटेने गेली. रानातल्या केसाळ माणसांच्या कथा बऱ्याच आदिवासी समाजांत आहेत. गोऱ्यांनी त्यांचा यॉवी केला, त्याचा पुतळा क्वीन्सलंडच्या किल्कॉय गावात उभा केला आणि त्याच्या नावाने चॉकलेटेही विकली. ग्रिफेनने त्या केसाळ माणसांना कुंपणाआड डांबलेल्या, ओळखपत्रांसाठी अडवल्या जाणाऱ्या समाजाचे रूप दिले. आपल्या मुलाला आपल्यातला एखादा महानायक असावा, या इच्छेतून त्याने हे सुरू केले होते, आणि कथा वापरण्याआधी तो ज्या त्या समाजातल्या वडीलधाऱ्यांकडे परवानगी मागायला गेला. पेडली ते राइटसन या वाटेवर न झालेली गोष्ट ती हीच.

चेष्टेलाही आता उत्तर मिळाले आहे. ऑस्ट्रेलियात नव्याने आलेल्या प्रत्येकाला, आपल्या विद्यार्थ्यांनाही, कुणीतरी गंभीर चेहऱ्याने सांगतो की झाडावरून अंगावर पडणाऱ्या ड्रॉपबेअरपासून जपा, कानामागे व्हेजिमाइट, म्हणजे तिथले पावाला लावायचे खारट चाटण, लावा. हे भूत गोऱ्या ऑस्ट्रेलियनांचे स्वतःचे, कुणाकडून उचललेले नाही. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमनेही त्याची खोटी शास्त्रीय माहिती हसत हसत प्रसिद्ध केली आहे. एव्हलिन अरालुएन या बंजालुंग वंशाच्या कवयित्रीने आपल्या २०२१ च्या संग्रहाला 'ड्रॉपबेअर' हेच नाव दिले आणि त्यात मे गिब्सची गोंडस बाळे, निलगिरीच्या पऱ्या, चहाच्या कपांवरची कांगारू-कोआलाची चित्रे, सगळ्यांची झडती घेतली. संग्रहाला २०२२ चा स्टेला पुरस्कार मिळाला. तिला लहानपणी हीच पुस्तके वाचून दाखवलेली होती आणि तिला ती आवडतही होती. म्हणून तिचा राग बाहेरच्या माणसाचा वाटत नाही, घरच्या माणसाचा वाटतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आदिवासींना संसदेपुढे आपले म्हणणे मांडणारे मंडळ राज्यघटनेने द्यावे की नाही, यावर ऑस्ट्रेलियात सार्वमत झाले. सुमारे ६० टक्के मतदारांनी नकार दिला. ज्या देशाने त्यांचा बन्यिप नाण्यावर चालणाऱ्या यंत्रात बसवला, वर्तमानपत्राच्या मथळ्यावर छापला, मुलांना झोपताना वाचून दाखवला, त्याच देशाने. बन्यिपला सगळ्यांचा करणे सोपे गेले, त्याच्या मालकांना ऐकणे जड गेले. माझ्या मते ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय ओळखीच्या सगळ्या गोष्टींत हीच मेख आहे, आणि 'कार्पेंटेरिया' किंवा 'वॉटर' मोठ्या वाटतात त्या तिला टाळत नाहीत म्हणून.

आता वाचकांसाठी एक व्यावहारिक सूचना. मेलबर्न, सिडनी, पर्थला नातवंडे असलेले अनेक जण तिथल्या दुकानांतून 'ऑस्ट्रेलियन लोककथा' विकत घेतात. घेण्याआधी आतली पहिली दोन पाने उलटून बघा. गोष्ट कोणत्या लोकांची, कोणत्या नदीची किंवा तळ्याची, आणि सांगायला परवानगी कुणी दिली, हे छापलेले असेल तर पुस्तक घ्या. नुसतेच 'प्राचीन आदिवासी दंतकथा' असे लिहिले असेल तर परत ठेवा. आणि कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर मॉर्निंग्टन बेटावरचे लार्डिल चित्रकार डिक रफसी यांचे 'द रेनबो सर्पंट' (१९७५) घ्या. ते तिथल्या ग्रंथालयांतही मिळते.